प्रकाशाचा बट्टा

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत, जेथे दुकानाची रुंदी मालकाने दोन्ही बाजूंना हात पसरले की संपते आणि तरीही मागितलेली वस्तू सहसा ‘नाही’ म्हणून परत येत नाही, तेथे एका कटिंग चहाच्या किमतीत एलडीआर नावाची एक चिमुकली वस्तू मिळते. पाच मिलिमीटर व्यासाची पांढुरकी चकती, तिच्या पाठीतून निघालेल्या दोन तारा, आणि दर्शनी बाजूस पारदर्शक लेपाखाली धातूच्या दोन पट्ट्यांमधून नागमोडी वळणे घेत गेलेली तांबूस रेघ, एवढेच तिचे रूप. ती रेघ कॅडमियम सल्फाइडची. अंधारात तिचा विद्युत्-रोध दहा लक्ष ओहमांच्याही वर जातो आणि भर दुपारच्या उजेडात तो काही शे ओहमांवर उतरतो. मधल्या सर्व छटांना तिच्याकडे मधला कोणता तरी आकडा तयार असतो. शाळकरी मुलांनी विज्ञान-प्रदर्शनासाठी केलेला ‘अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा’ ह्याच रेघेच्या जिवावर लागतो. आणि त्या दिव्याचा उजेड अनवधानाने आपल्याच एलडीआरवर पडेल अशी मांडणी झाली असेल, तर लागल्याबरोबर दिवस उजाडला असे समजून तो विझतो, विझल्याबरोबर रात्र झाली असे समजून पुन्हा लागतो, आणि हा तमाशा नेमका परीक्षकांसमोर रंगतो.

हौशी मंडळी ह्या एलडीआरला आकाशाच्या किंवा खोलीतल्या उजेडाच्या भरवशावर न सोडता पुष्कळदा त्याच्यासमोर एक एलईडी आणून ठेवतात, दोघांची तोंडे एकमेकांस भिडवतात, वरून काळी हीट-श्रिंक नळी चढवून ती गरम हवेने आवळतात आणि दोन्ही टोके काळ्या चिकटपट्टीने बंद करतात. आत कोंडलेला तो दिवा मग जगात कोणालाच दिसत नाही. त्याचा एकुलता एक प्रेक्षक म्हणजे तो एलडीआर. दिव्यातून जितका अधिक प्रवाह सोडावा तितका रोध खाली येतो, आणि मौज अशी की दिव्याच्या मंडलाचा व रोधाच्या मंडलाचा परस्परांशी एका तारेचाही संबंध नसतो. जो काही व्यवहार होतो तो केवळ उजेडाच्या मध्यस्थीने होतो. अमेरिकेतील व्हॅक्टेक कंपनीने अशा तयार जोड्या ‘व्हॅक्ट्रॉल’ ह्या नावाने बाजारात आणल्या, आणि पुढे घरी नळी आवळून केलेल्या जोडीलाही लोक तेच नाव देऊ लागले. विद्युत्-रोध आणि प्रकाश ह्यांचे नाते प्रथम उघडकीस आले तेही, योगायोगाने, एका झाकणाच्या पेटीत. १८७३ साली विलोबी स्मिथ ह्या इंग्रज तार-अभियंत्याला समुद्रातील तारा तपासण्यासाठी मोठ्या आणि स्थिर रोधाची गरज होती. त्यासाठी घेतलेल्या सेलेनियमच्या कांड्या एकेका वेळी एकेक आकडा सांगू लागल्या, आणि पेटीचे झाकण लावले की रोध चढतो, सरकवले की उतरतो, असा पत्ता लागल्यावर त्याने तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्थैर्यासाठी निवडलेल्या पदार्थाची ख्याती अशी त्याच्या चंचलतेमुळे झाली.

तर प्रश्न असा की, ज्या दिव्याला माणसाचा डोळा कधी पाहणारच नाही त्याचा रंग कोणता असावा?

उजेड तो उजेड, त्यात रंगाची चिकित्सा कशाला, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पेशवाईतील वसुलीचे कागद ज्याने चाळले आहेत त्याला हे ठाऊक असते की, रुपया तो रुपया अशी त्या काळी स्थिती नव्हती. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी नाना टांकसाळींची नाणी एकाच वेळी चलनात असत. भरणा कोणत्या नाण्यात झाला हे पाहून, पोतदाराकडून पारख करवून, त्यावर बट्टा आकारला जाई, आणि हातावर मोजून दिलेले शंभर दफ्तरी शंभरच जमा पडतील असा भरवसा नसे. कॅडमियम सल्फाइडचा कारभार नेमका ह्या धाटणीचा आहे. हिरवे नाणे तो जवळजवळ दर्शनी मोलाने स्वीकारतो. पिवळ्यावर थोडा बट्टा घेतो. गडद लाल आणि निळ्यावर पुष्कळ. आणि दूरदर्शन-संचाच्या रिमोटमधून निघणारा अवरक्त प्रकाश बहुतांशी खोटे नाणे म्हणून परत करतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जीएल ५५२८ ह्या जातीच्या माहितीपत्रकात त्याची सर्वाधिक पसंती ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला असल्याचे नमूद असते, आणि ही तरंगलांबी म्हणजे किंचित पिवळसर झाक असलेला हिरवा रंग.

ही बट्ट्याची यादी कोणालाही घरच्या घरी तयार करता येते, आणि ती करण्यात जे सुख आहे ते छापील आलेख पाहण्यात नाही. नऊ व्होल्टांची एक बॅटरी, एक ब्रेडबोर्ड, एक मल्टिमीटर आणि निरनिराळ्या रंगांचे दिवे एवढी सामग्री पुरे. सर्व दिव्यांतून प्रवाह सारखाच जावा, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. कारण लाल दिवा स्वतःसाठी दोन व्होल्टांहून थोडे कमीच राखतो, तर निळा व नव्या जातीचा हिरवा सुमारे तीन व्होल्ट गिळतो, आणि म्हणून पाच मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह हवा असल्यास लाल दिव्यापाठी दीड किलोओहमचा रोधक लावला तर निळ्यापाठी बाराशे ओहमांचा लावावा लागतो. नळीची तोंडे बंद केल्यावर दिवा लावण्याची घाई करू नये. मल्टिमीटरवरील आकडा प्रथम हजारांत असतो, मग लाखांत जातो, आणि आता स्थिरावला असे वाटत असतानाच पुन्हा चढू लागतो. टेबलावरच्या उजेडाची आठवण तो एलडीआर इतक्या सहजी टाकून देत नाही, आणि पूर्ण अंधाराची त्याची खात्री पटेपर्यंत आपल्याला हातावर हात ठेवून बसावे लागते. मग दिवा लावताच तो आकडा क्षणात असा कोसळतो की, मल्टिमीटरला आपली श्रेणी बदलता बदलता पुरेवाट होते.

ह्या मोजणीत एक गोष्ट फार बोधप्रद निघते. जुन्या यंत्रांच्या दर्शनी फलकावर ‘चालू आहे’ एवढे सांगण्यासाठी जो मंद, धुरकट काचेचा हिरवा दिवा असे, तो गॅलियम फॉस्फाइडचा. त्याचा प्रकाश ५६५ नॅनोमीटरच्या सुमारास, म्हणजे एलडीआरच्या पसंतीच्या अगदी शेजारी. केवळ रंगावरून निवाडा करायचा तर ह्याच्याइतका लायक उमेदवार दुसरा नाही. पण त्याला समोर ठेवले की रोध हजार-दोन हजार ओहमांवर रेंगाळतो, आणि रंगाने दूरचा असलेला आजकालचा स्वच्छ काचेचा लाल दिवा त्याच प्रवाहात त्याच्या कितीतरी खाली जाऊन पोहोचतो. नाणे अव्वल, पण भरणाच तुटपुंजा, असा तो प्रकार. गॅलियम फॉस्फाइड हा पदार्थ विजेचे प्रकाशात रूपांतर करण्याच्या कामी मुळातच कंजूष. हिरव्या रंगाचा सढळ दिवा मिळण्यासाठी इंडियम-गॅलियम नायट्राइडची वाट पाहावी लागली, आणि ती वाट निळ्या दिव्यावरून जात होती. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते त्या निळ्या दिव्यासाठी. त्याच घराण्यातील ५२५ नॅनोमीटरचा हिरवा दिवा आज एलडीआरसमोर ठेवला, तर पसंतीपासून किंचित ढळलेला असूनही तो बाकी सर्वांना मागे टाकतो. मला विचाराल तर ह्या कामासाठी मी डोळे मिटून हाच दिवा घेईन. बॅटरी फार दुबळी असेल आणि तीन व्होल्टांचा खर्च परवडणारा नसेल, तरच लाल.

दुकानात दिव्याची तेजस्विता मिलिकँडेलांत सांगितली जाते आणि गिऱ्हाईक तो आकडा निमूटपणे मान्य करते. पण हा आकडा लिहिताना मध्ये एक पारखी बसलेला असतो आणि तो पारखी म्हणजे माणसाचा डोळा. १९२४ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश-मंडळाने सर्वसाधारण मानवी डोळ्याची रंगागणिक संवेदना ठरवून दिली. तिच्यात ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला पूर्ण एक गुण आहे, आणि ४७० नॅनोमीटरच्या निळ्याला केवळ शेकडा नऊच्या आसपास. म्हणजे दोन दिवे सारखीच ऊर्जा बाहेर टाकत असले तरी कँडेलाच्या वहीत निळ्याच्या नावावर हिरव्याच्या अकराव्या हिश्श्याएवढीच रक्कम पडते. ज्याचा व्यवहार डोळ्याशी नाही त्याने ह्या वहीवर विसंबून राहू नये, असा ह्यावरून कोणी निष्कर्ष काढील. परंतु एलडीआरच्या बाबतीत ती वही बव्हंशी खरी ठरते, कारण ५४० आणि ५५५ ह्यांत अंतर ते किती! सूर्यप्रकाशात लाखो वर्षे वावरून घडलेला डोळा आणि भट्टीत भाजून निघालेले एक पिवळे संयुग, ह्यांची आवडनिवड इतकी जवळ यावी ह्याचे मला अद्यापि नवल वाटते. ह्या सादृश्याचा लाभ छायाचित्रकारांनी फार पूर्वी उचलला. १९६४ साली आलेल्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेऱ्यात भिंगातून आलेला उजेड मोजण्यासाठी कॅडमियम सल्फाइडच बसवले होते. त्याला जे दृश्य उजळ वाटे ते छायाचित्रकारालाही उजळ वाटत असे. निळ्याच्या बाबतीत मात्र एलडीआर डोळ्याहून काहीसा उदार आहे, आणि म्हणून कँडेलांत दरिद्री दिसणारा निळा दिवा नळीत घातल्यावर अपेक्षेपेक्षा बरी कामगिरी करून दाखवतो.

ह्या पसंतीची कारणे स्फटिकाच्या अंतरंगात आहेत. कॅडमियम सल्फाइडमध्ये बद्ध असलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि एवढी ऊर्जा ५१५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशकणाजवळ असते. लाल प्रकाशकण ह्याहून गरीब. ६६० नॅनोमीटरच्या कणाकडे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टही नसतात, तेव्हा शुद्ध स्फटिकाच्या दारातून त्याने विन्मुख परतावे हेच रास्त. पण बाजारातला स्फटिक शुद्ध नसतो आणि तो नसतो हेच बरे. त्यात मुद्दाम मिसळलेले तांबे, आणि कित्येकदा सल्फाइडच्या जोडीला घातलेले सेलेनाइड, ह्यांच्यामुळे अल्प ऊर्जेच्या कणांनाही शिरकाव मिळतो. निव्वळ सेलेनाइडचा एलडीआर केला तर त्याची पसंती पार ७०० नॅनोमीटरच्या सुमारास, गडद लालाकडे सरकते. निळ्याची कथा उलट आहे. त्याच्यापाशी ऊर्जा हवी त्याहून जास्त, पण म्हणूनच तो स्फटिकाच्या पृष्ठभागाशीच शोषला जातो, आणि पृष्ठभाग ही अशी जागा आहे की तेथे मोकळा झालेला इलेक्ट्रॉन दोन पावले टाकण्यापूर्वीच पुन्हा पकडला जातो. हिरवा कण मात्र पुरेसा खोल जाऊन मगच आपले काम करतो. राहता राहिला पांढरा. पांढरा दिवा वस्तुतः निळाच. त्याच्यावर पिवळ्या दीपनद्रव्याचा थर दिलेला असतो आणि त्या थरातून उठणारा प्रकाश ५५० नॅनोमीटरच्या दोन्ही अंगांना ऐसपैस पसरलेला असतो. तेव्हा हिरवा दिवा हाताशी नसला तर पांढरा लावावा. त्याच्या पोटातला पिवळा-हिरवा भाग एलडीआर आनंदाने उचलतो.

एवढे सगळे करूनही एकाच पाकिटातील दोन एलडीआर एकाच दिव्यापुढे एकच आकडा देतील अशी आशा धरू नये. जीएल ५५२८ला दहा लक्स उजेडात दहा ते वीस किलोओहमांच्या दरम्यान कोठेही असण्याची कारखान्याचीच मुभा आहे. म्हणजे दुपटीपर्यंतचा फरक हा दोष नव्हे, करारातील तरतूद आहे. दोन सारखे हवे असतील तर मूठभर घेऊन एकेक मोजण्यावाचून गत्यंतर नाही, आणि दुकानदाराच्या कपाळावर त्यामुळे येणारी आठी सोसण्यावाचूनही.

परंतु रंगाचा हिशेब कितीही चोख जमला तरी एलडीआरचा मंदपणा जात नाही. दिवा लागल्यावर रोध उतरायला मिलिसेकंदांची दहाई लागते, विझल्यावर चढायला त्याहून अधिक, आणि शेवटची मजल गाठायला सेकंदच्या सेकंद. पाठ्यपुस्तकात ही त्याची उणीव म्हणून लिहिलेली असते. माझे म्हणणे असे की ज्याला संवेदना म्हणून आपण वाखाणतो त्याचेच ते दुसरे अंग आहे. प्रकाशकणाने इलेक्ट्रॉन मोकळा केला म्हणजे त्याच्या जागी एक रिक्त स्थान उरते. हे रिक्त स्थान स्फटिकातील अशुद्धीच्या एखाद्या कोपऱ्यात अडकून पडते आणि तेथून लवकर सुटत नाही. ते अडकलेले असेपर्यंत मोकळ्या इलेक्ट्रॉनला विलीन होण्यासाठी जागाच सापडत नाही, म्हणून तो एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत निघून जातो. स्फटिकातील भाराचा ताळेबंद बिघडू नये म्हणून पहिल्या पट्टीतून दुसरा इलेक्ट्रॉन आत येतो, तो गेला की तिसरा, आणि अशा रीतीने एकाच प्रकाशकणाच्या दाखल्यावर शेकडो, हजारो इलेक्ट्रॉन पार होतात. मेणबत्तीच्या उजेडानेही एलडीआरचा रोध इतका ढासळतो, तो ह्या गुणाकारामुळे. आता हा गुणाकार जितका वेळ चालू राहील तितकी संवेदना थोर. आणि दिवा विझल्यावरही तो जितका वेळ चालू राहील तितका मंदपणा अधिक. वेळ तोच आहे. मंदपणा काढून टाका आणि संवेदना राहू द्या, असे म्हणण्याची सोय ह्या पदार्थाने ठेवलेलीच नाही.

ह्या मंदपणाचे मोल ज्यांना सर्वांत आधी कळले ते ध्वनिमुद्रण करणारे लोक. सप्ताहातील कीर्तन ज्याने मुद्रित करून पाहिले आहे त्याला ही अडचण समजेल: बुवा निरूपणात आवाज खाली, जवळजवळ कुजबुजीवर आणतात, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पुढे सरकून ऐकू लागतात, आणि दुसऱ्याच क्षणी गजर उसळून पखवाज-टाळांसह सारा मंडप दणाणतो. कुजबुज ऐकू यावी म्हणून ध्वनिवर्धन वाढवले तर गजर फाटतो, आणि गजर सांभाळायला जावे तर निरूपण हरवते. ह्यावर उपाय असा की आवाजाच्याच जोरावर एलईडी लावावा आणि त्याच्यासमोरचा एलडीआर ध्वनिमार्गात असा जोडावा की, आवाज चढताच दिवा उजळेल, रोध उतरेल आणि आवाजाचा काही भाग जमिनीत वाहून जाईल. येथे एलडीआरऐवजी अतिचपळ घटक बसवला, तर दोन शब्दांमधल्या प्रत्येक फटीत तो आवाज झटकन वर उचलतो आणि मंडपातील पंख्याची घरघर, पोरांची रडारड, माइकचा खरखराट ह्यांची एक लाट प्रत्येक विरामात उठते व दबते. कान अल्पावधीत शिणतो. एलडीआर असे करत नाही. तो अर्धा लगेच सावरतो आणि उरलेला अर्धा रमतगमत सावरतो. टाळांचा पहिला टणत्कार मात्र त्याच्या हातून निसटतो, कारण तेवढ्यात त्याला जागच आलेली नसते. पण त्या टणत्काराची धार तशीच राहिली तर कीर्तनाचे काही बिघडत नाही, उलट जिवंतपणा येतो, असे माझे मत आहे.

ह्या तत्त्वावरचे सर्वांत नावाजलेले यंत्र म्हणजे जिम लॉरेन्स ह्याने कॅलिफोर्नियात रचलेले टेलेट्रॉनिक्स एलए-२ए, १९६० च्या दशकातले. त्याचे पन्नास टक्के सावरणे सुमारे साठ मिलिसेकंदांत होते, आणि बाकीच्याला आधी किती वेळ व किती जोराचा आवाज येऊन गेला ह्यावर अवलंबून अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत काळ लागतो. कोणत्याही बटनाने हे ठरवता येत नाही. ठरवतो तो स्फटिक, आपल्या अडकलेल्या रिक्त स्थानांच्या हिशेबाने. त्या काळी हिरवा एलईडी अस्तित्वातच नव्हता, म्हणून लॉरेन्सने एलडीआरसमोर विजेने उजळणारा दीपनद्रव्याचा पत्रा ठेवला, आणि त्या पत्र्याचा निळसर-हिरवा उजेड कॅडमियम सल्फाइडच्या पसंतीशी सहज मिळून गेला. सर्वांनाच असा योग साधला नाही. फेंडरच्या गिटार-ॲम्प्लिफायरांत आवाजाला थरथर देण्यासाठी निऑनचा दिवा एलडीआरपुढे बसवत, आणि निऑनचा नारिंगी-लाल उजेड काही आदर्श नव्हे. पण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये निऑनला लागणारे मोठे व्होल्टेज आयतेच हजर असे, आणि रंगाची तूट व्होल्टेजच्या सोयीने भरून निघे.

ह्या साऱ्या कारभारावर अखेर बाहेरून हुकूम आला. कॅडमियम विषारी आहे, ह्यात वाद नाही. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्बंधानुसार १ जुलै २००६ पासून विद्युत्-उपकरणांतील कोणत्याही एकजिनसी पदार्थात कॅडमियम ०.०१ टक्क्याहून अधिक असता कामा नये, असे ठरले, आणि जो पदार्थ मुळातच कॅडमियमचा आहे त्याला ह्या फर्मानापुढे तोंड दाखवायला जागा उरली नाही. तरीही त्या निर्बंधाच्या अपवादांच्या यादीत, पारा-शिशाच्या रुक्ष तपशिलांच्या गर्दीत, एक कलम सापडते: व्यावसायिक ध्वनि-उपकरणांतील प्रकाश-जोड्यांमध्ये वापरलेल्या एलडीआरमधील कॅडमियमला सूट, मुदत ३१ डिसेंबर २०१३ अखेर. काळ्या नळीत कोंडलेल्या त्या जोडीची कैफियत कोणीतरी सरकारदरबारी मांडली असली पाहिजे, आणि ती काही काळापुरती का होईना मंजूर झाली. मुदत संपल्यावर त्या बाजारपेठेतील निर्मात्यांना सिलिकनकडे वळावे लागले. सिलिकनचा प्रकाशग्राही इतका चपळ की त्याला मंद करण्यासाठी मंडलात निराळे धारित्र किंवा गणित घालावे लागते, आणि त्याची सर्वाधिक पसंती ९०० नॅनोमीटरच्या आसपास, डोळ्याला न दिसणाऱ्या पट्ट्यात. त्यामुळे बट्ट्याची यादीही नव्याने मांडणे आले: तेथे हिरव्यावर कपात होते, निळ्यावर त्याहून मोठी, आणि जो रिमोटमधला दिवा एलडीआरने खोटे नाणे म्हणून फेकला होता तो पुऱ्या मोलाने जमा होतो.